कुशीवरनं स्वभाव सांगू नका, घोरण्याचं विचारा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत झोपायच्या पद्धतीवरनं स्वभाव सांगणारा मजकूर आला होता, पाय पोटाशी घेऊन झोपणारे वरून कडक आतून हळवे, पालथे झोपणारे बोलके पण टीका सहन न होणारे, वगैरे वगैरे. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर त्याचे फोटो फिरले आणि सगळे एकमेकांचे स्वभाव काढत बसले, एका सासूबाईंना तर सुनेबद्दल पुरावाच सापडला! मजा म्हणून ठीक आहे ओ, पण हे आलं कुठनं ते तरी लिहायचं. २००३ साली ब्रिटनमधले झोपेचे अभ्यासक ख्रिस इड्झिकोव्स्की यांनी हजार लोकांची पाहणी करून सहा पद्धती सांगितल्या, त्यात ४१ टक्के लोक पाय पोटाशी घेऊन झोपणारे निघाले. म्हणजे दहातली चार माणसं एकाच स्वभावाची? राशी तरी बारा असतात. आणि माणूस रात्रभर कूस बदलतच असतो, खांदा दुखतोय म्हणून, फॅनचं वारं लागतंय म्हणून, आणि दोन खोल्यांच्या घरात खाली अंथरूण टाकून पाचजण झोपत असतील तर हातपाय पसरायचा स्वभाव असून उपयोग काय.

खरं लिहायला पाहिजे होतं ते घोरण्याबद्दल. आपल्याकडं कोण घोरत असला की गाढ झोपलाय म्हणून कौतुक होतं. उताणं झोपलं की जीभ आणि टाळू मागं सरकून श्वासाची वाट अरुंद होते, काहीजणांचा श्वास दहा सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतो, मग दचकून परत सुरू, असं रात्रभर. सकाळी डोकं जड, दिवसा गाडी चालवताना पेंग, आणि बीपी औषधानं पण हटत नाही. आता कोल्हापूरकरांनी नीट वाचा, पुरुषाची मान १७ इंचापेक्षा जाड असेल तर झोपेत असा श्वास थांबायचा धोका वाढतो. तालमीत घडवलेली मान म्हणजे आपल्याकडं इज्जतीची गोष्ट, आणि जोर बैठका सुटल्यावर खुराक मात्र तसाच चालू राहिला तर तीच मान चरबीनं आणखी भरते. असा माणूस घोरता घोरता मधेच गप्प होत असेल तर घरच्यांनी त्याला हलवून कुशीवर करावं आणि सकाळी डॉक्टरकडं न्यावं. कुशीवर झोपून काहींना फरक पडतो, सगळ्यांना नाही, काहींना रात्री मास्कनं हवा देणारं मशीन लावावं लागतं.

दुसरं म्हणजे रात्री अकराला तांबडा-पांढरा हाणून लगेच आडवं व्हायचं आणि मग छातीत जळजळतंय म्हणून सोडा प्यायचा. डाव्या कुशीवर झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, आम्ल वर यायला कमी वाव. जुनी माणसं दुपारी जेवून डाव्या अंगावर लवंडायची ते उगीच नव्हतं. पण जेवण आणि झोपेत दोन-तीन तास जाऊ द्या, नुसत्या कुशीनं भागत नाही.

गरोदर बाईनं २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपावं, डावी-उजवी कुठलीही, उताणं झोपलं की पोटाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येतं. रात्री जाग आली आणि उताणी दिसली तर घाबरायचं नाही, परत कूस घ्यायची, बास. तान्ह्या बाळाचं मात्र उलटं, त्याला उताणंच निजवायचं. अमेरिकेत १९९४ पासून ही मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, वर मऊ दुपट्यांचा ढीग, हे आपल्याकडं अजून चालतंय, त्यावर कुणीतरी बालरोगतज्ज्ञांकडनं लिहून घ्या.

आणि पुढच्या पुरवणीत जागा असेल तर झोपेतला श्वास तपासणारी स्लीप स्टडी म्हणजे काय, ती करायला कुठल्या डॉक्टरकडं जायचं, कोल्हापुरात कुठं होते आणि खर्च किती, तेवढं छापा. आमच्या गल्लीतच तीन-चार गिऱ्हाईकं तयार आहेत.

आपला,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर