बावची मुद्दाम घातलेली नाही

पुणे, रविवार पेठ
दसऱ्यानंतरचा सोमवार

चि. रेवूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, लग्नाला दोन महिने राहिलेत. पार्लरवाली काही केमिकल थापायच्या आत दुकानातलं सगळं नॅचरल पाठवून द्या." पाठवतोय. तराजूशेजारी खोकं उघडं ठेवूनच लिहायला बसलोय, तेव्हा मध्येच अक्षर बिघडलं तर गिऱ्हाईक आलं असं समज. तुझ्या यादीतलं बरंचसं भरलंय. तीन गोष्टी भरलेल्या नाहीत. फोनवर कारण सांगायला लागलो असतो तर "बाबा, मीटिंग आहे" झालं असतं, म्हणून पत्र.

शिकेकाई एक किलो आहे. रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी आणि मूठभर मेथी घालून दळलेली. चार दिवस गच्चीवर कडक वाळवली, मग आईने शेंग मोडून आवाज ऐकला आणि "झाली" म्हणाली. पीठगिरणीवाले शिकेकाईला दारात उभं करत नाहीत, हिची गिरणी वेगळी, आणि तिथला माणूस नाकाला पंचा बांधून बसतो. फेस कमी येतो म्हणून दुप्पट घेऊ नकोस. शांपूचा फेस सोडियम लॉरेथ सल्फेटचा, हिचा सॅपोनिनचा, आणि तेल दोघंही ओढतात. शिकेकाई जरा दमाने ओढते, एवढाच फरक. डोळ्यांत गेली तर मात्र शांपू परवडला म्हणशील.

उटण्याचा डबा पिवळ्या झाकणाचा. त्यात वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल आणि गुलाबपाकळ्या आहेत. चंदन अगदी चिमूटभर, कारण खऱ्या चंदनाचा भाव काय आहे ते मला ठाऊक आहे. दिवाळीत बाजारात वीस-तीस रुपयांना 'चंदन उटणं' मिळतं त्यात चंदन नसतं, चंदनाचा वास असतो. आणि तो वास, मग तो अत्तराचा असो की कारखान्याचा, ज्यांना सोसत नाही त्यांना दोन्हीनं खाज सुटते. दुधात कालवून लाव आणि हलक्या हाताने काढ. पातेलं घासतेस तसं तोंड घासायचं नाही.

मेंदी सोजतची आहे, राजस्थानातली. हातावर आधी नारिंगी दिसेल, घाबरू नकोस. एक-दोन दिवसांत चढते आणि तांबूस तपकिरी होते. त्यापुढे ती जात नाही. मेंदीच्या पानातला रंग काळा होतच नाही.

आणि म्हणूनच यादीतली 'ब्लॅक मेंदी' भरलेली नाही. तासाभरात काळीभोर होणाऱ्या मेंदीत बहुतेक वेळा केसांच्या कलपातलं पीपीडी असतं, पॅराफिनिलिनडायमिन. काहींच्या हातावर नक्षी जिथे होती तिथेच फोड उठतात. फोड आज ना उद्या जातील, पण एकदा अंग त्याच्याशी बिथरलं की पुढे आयुष्यभर साधा कलप लावायची चोरी. दिवाळी-लग्नसराईत बायका तेच कोन मागायला येतात. मी "संपलेत" म्हणतो. "ठेवत नाही" म्हटलं की पुण्यात वाद होतो. केसांसाठी काळं हवंच असेल तर आधी मेंदी, ती धुऊन मग निळीचा पाला लावतात. दोन्ही पानंच. वेळ खातं, आणि घरभर ओल्या गवताचा वास सुटतो.

दुसरं, "रंग उजळायला काहीतरी". रेवू, तुझ्या रूममेटने दिलेल्या त्या डबीचा फोटो मी भिंग घेऊन पाहिला. पुढे सोनेरी फूल आणि 'हर्बल'. मागे कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, घटक काय ते नाही. असल्या डब्यांत दोन गोष्टी निघतात. एक पारा. तो कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून आठवड्यात चेहरा उजळतो, आणि अंगात मुरून मूत्रपिंडं बिघडवतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये पेशंटच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी शोधत शोधत मूळ अशा क्रीमपाशी नेलं. आपल्याकडच्या २०२० च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण नियम पाळायला आधी डबीवर नाव तरी हवं ना.

असल्या डब्यांतली दुसरी गोष्ट स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं असतात, तीही छापली असली तर. लावलं की दहा दिवसांत चेहरा तुकतुकीत, शेजारणी विचारतात काय लावतेस. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते. बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. नळीवर लाल उभी रेघ दिसली तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे, हे लक्षात ठेव. ती डबी टाकून दे. रूममेटला वाईट वाटलं तर माझं नाव सांग. आणि तू आहेस त्या रंगात काही कमी आहे असं जावईबुवांच्या घरून कुणी म्हटलं असेल, तर तेही मला सांग.

तिसरी बावची. तू 'बाकुची ऑइल' लिहिलंयस, म्हणजे आपल्याकडच्या वरून तिसऱ्या फळीवरच्या बरणीतलं काळं, चपटं बी. केसांच्या मसाल्यात ते पूर्वीपासून पडतं. हल्ली महागड्या सीरममध्ये त्यातलं बाकुचिओल तेवढं वेगळं काढून घालतात, ते निराळं. तुला जे हवंय ते सबंध बियांचं तेल.

ते तेल मी एकदा आईला लावलंय.

आईचं कुंकू एवढं मोठं का, हे तू कधी विचारलं नाहीस. दहावीत होतीस तेव्हा म्हणाली होतीस, "आई, गॅदरिंगला येताना ते गावठी कुंकू नको लावूस." त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं आणि ती आली नाही, एवढंच तुला माहीत आहे.

तू लहान असताना आई टिकल्याच लावायची. तुळशीबागेतून मखमली टिकल्यांची पाकिटं आणायची, आणि रात्री कपाळावरची टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवायची. त्या आरशाला डावीकडे वरपासून खालपर्यंत टिकल्यांची झालर होती, तू नखाने त्या काढायचीस. तू बालवाडीत असताना तिच्या कपाळाला खाज सुटायला लागली. मग तिथली कातडी फिकट झाली आणि मग पांढरी. बरोब्बर टिकलीएवढा गोल, कंपासने काढल्यासारखा. वाड्यातल्या एका काकूंनी "कोड आहे" असं जाहीर करून टाकलं. ते दिवस आईने कसे काढले, मी लिहीत नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी टिकली मागितली, उलटी केली आणि म्हणाले, हा गोंद. चिकटवायच्या काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाचं द्रव्य असतं, ते काहींच्या कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशीच मारतं. टिकली बंद करा, मलम देतो, वेळ लागेल. वेळ लागेल म्हटल्यावर माझ्यातला दुकानदार जागा झाला. तिसऱ्या पिढीचं काष्ठौषधींचं दुकान, पांढऱ्या डागावर बावची हे मला बाराव्या वर्षापासून पाठ. डॉक्टरांच्या मलमात केमिकल, आपलं बी झाडाचं. मी बावची कुटली, तिळाच्या तेलात कढवली, आईच्या कपाळाला लावली आणि तिला गच्चीवर उन्हात बसवलं. वैशाख होता. किती वेळ, ते मी मोजलं नाही. खाली गिऱ्हाईक होतं.

संध्याकाळी कपाळ लाल. दुसऱ्या दिवशी सुपारीएवढा पाण्याचा फोड.

डॉक्टरांनी विचारलं, काय लावलंत? मी म्हटलं, "विशेष काही नाही, आयुर्वेदिक आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे औषधच ना?" मग त्यांनी सांगितलं, बावचीत सोरालेन असतं आणि ते उन्हात जागं होतं. ते स्वतःही डागांवर सोरालेनच वापरतात, पण ठरावीक प्रकाशाखाली, घड्याळ लावून. बावची देणारे जाणते वैद्यही ऊन मोजतात. मी मात्र नुसता विश्वास ठेवला होता. डाग गेला नाही, उलट त्याच्याभोवती काळं कडं पडलं. तुझ्या आजीने तिची मेणाची डबी काढून दिली. तेव्हापासून आई आधी मेणाचा गोल देते आणि त्यावर कुंकू.

मला ती कधी काही बोलली नाही. मात्र दुकानात कुणी "यात केमिकल नाही ना?" असं विचारलं की मला पटकन "नाही" म्हणवत नाही. अंगावर फोड आणणारा बिब्बा काय कारखान्यात होतो? तुला रीलमध्ये दिसलेलं लिंबूसुद्धा चेहऱ्याला चोळून उन्हात गेलीस तर डाग पाडतं. विचारायचं ते हे की यात काय आहे, कुणी केलंय, आणि माझ्या अंगाला चालतं का. यातलं जे काही लावशील, उटणंसुद्धा, ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ.

पार्लरचं म्हणशील तर साधं फेशियल, थ्रेडिंग कर, माझी ना नाही. केस सरळ करायचं तेवढं सोड. त्यातल्या बऱ्याच द्रव्यांना गरम इस्त्री लागली की फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. तिथे डोळे झोंबतात ते त्यानेच, आणि ते कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत आहे. आणि मावशीने कोरफडीचा गर बाटलीत भरून दिलाय, तो मी खोक्यात ठेवलेला नाही. पाणी असलेली वस्तू प्रिझर्व्हेटिव्हशिवाय हैदराबादच्या उकाड्यात टिकत नाही, पोचेपर्यंत बुरशी धरेल. पॅराबेनसारखं प्रिझर्व्हेटिव्ह नको असेल तर नको, पण मग कुंडीतलं पान रोज ताजं कापायची तयारी हवी. मावशीला यातलं काही सांगू नकोस.

खोक्यात तळाशी, जुन्या ब्लाउजच्या कापडात, आईने एक डबी घातली आहे. आजीचीच ती, पितळेची, मेण नवीन भरलंय. सोबत केम गावच्या (सोलापूरकडच्या) कुंकवाची पुडी. झगझगीत लाल नाही, जरा मातकट दिसेल. हळदीचं आहे म्हणून. भाजीचा पिवळा डाग साबण लागला की लाल होतो, आठवतंय ना, तशीच इथे हळद चुना नाहीतर टाकणखार भेटल्यावर लाल होते. लग्नाच्या दिवशी तू टिकली लावणार की हे, त्याबद्दल आईने काही सांगितलेलं नाही. डबी घालताना "असू दे" एवढंच म्हणाली.

पाचला कुरिअरवाला येतो, त्याआधी सुतळी बांधायची आहे. पोचलं की आईला फोन कर, मला नव्हे.

तुझा,
बाबा

ता. क. शिकेकाईची पिशवी दुहेरी बांधली आहे, तरी उघडताना तोंड लांब ठेव. आणि पंखा बंद कर.