एकच इंजिन सहा वेळा: श्रीधरास पत्र

यॉर्क, इंग्लंड
दि. १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तू आणि वहिनी पुण्यास सुखरूप पोहोचल्याचे तुझ्या पत्रावरून कळले आणि बरे वाटले. येथे असताना तू माझ्या रेल्वे इंजिनांच्या मॉडेलांच्या काचेच्या कपाटासमोर बराच वेळ उभा होतास आणि शेवटी म्हणालास, "अरविंदा, ही सहाही इंजिने मला एकच दिसतात. एक घेऊन भागले नसते का?" तेव्हा जेवणाची पाने मांडून झाली होती, म्हणून मी उत्तर टाळले. परंतु चाळीस वर्षे ज्या गोष्टीत मी जीव ओतला, तिच्याविषयी तुझ्या मनात असा प्रश्न राहू देणे मला बरे वाटेना, म्हणून आज सवडीने लिहीत आहे.

तू पाहिलीस ती सर्व 'डेल्टिक' इंजिने. ब्रिटिश रेल्वेने त्यांना पुढे क्लास ५५ असे नाव दिले. १९६१ आणि १९६२ या दोन वर्षांत न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने अशी अवघी २२ इंजिने बांधली. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली आठ वाफेची इंजिनेही याच व्हल्कन फाउंड्रीतून आली होती, आणि आपण मुंबई-पुणे प्रवासात घाटात पाहिलेली डब्ल्यूसीएम-१ ही विजेवरची इंजिनेही तिथलीच. त्यामुळे या कारखान्याविषयी मला पहिल्यापासून ओढ आहे.

डेल्टिकच्या पोटात नेपियर कंपनीची दोन डिझेल यंत्रे असत, आणि ती मुळात नौदलाच्या वेगवान गस्ती नौकांसाठी घडवलेली होती. प्रत्येक यंत्रात १८ सिलिंडर त्रिकोणाच्या तीन बाजूंवर मांडलेले, प्रत्येक सिलिंडरात एकमेकांसमोर येणारे दोन दट्टे, आणि त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत तीन क्रँकशाफ्ट, अशी ती रचना होती. उलट्या धरलेल्या ग्रीक डेल्टा अक्षरासारखी, म्हणून डेल्टिक हे नाव. दोन्ही यंत्रे मिळून ३,३०० अश्वशक्ती होत आणि इंजिनाचे वजन मात्र ९९ टन. त्याच कंपनीने त्याच काळात बांधलेले क्लास ४० पाहिलेस तर ते १३३ टनांचे आणि २,००० अश्वशक्तीचे. हा फरक तुझ्यासारख्या अभियंत्यास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. किंग्ज क्रॉसपासून एडिनबरोपर्यंतच्या पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर ताशी १०० मैलांनी धावणाऱ्या गाड्या या २२ इंजिनांनी वीस वर्षे ओढल्या आणि त्यासाठी वाफेची ५५ इंजिने निवृत्त झाली.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. लोक मॉडेलला 'हुबेहूब' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात डेल्टिकचा एक साधारण आकार असतो, परंतु तसे साधारण डेल्टिक रुळावर कधीच नव्हते. होती ती २२ वेगवेगळी इंजिने, आणि त्यांतील प्रत्येक दर दोन-चार वर्षांनी बदलत गेले. म्हणून प्रतिकृती हुबेहूब असेल तर ती एका विशिष्ट इंजिनाची, एका विशिष्ट काळातील, आणि खरे तर एका विशिष्ट दिवसाची असते. ज्या मॉडेलला असा दिवस सांगता येत नाही ते कितीही सुबक असले तरी माझ्या कपाटात येत नाही, आणि या एका नियमावर माझा संग्रह उभा आहे.

हा दिवस ओळखायचा कसा, हे सांगताना मला फार आनंद होतो. कारखान्यातून ही इंजिने बाहेर पडली तेव्हा वरचा भाग गर्द हिरवा, खाली फिकट हिरव्या रंगाचा पट्टा आणि चालकाच्या खिडक्यांभोवती पांढुरका रंग होता. रुळांवर काम करणाऱ्या माणसांना येणारी गाडी दुरून दिसावी म्हणून लवकरच नाकावर पिवळा चौकोन आला. १९६६ पासून निळा रंग येऊ लागला आणि पिवळा रंग सगळ्या नाकभर पसरला. क्रमांकाची गोष्ट आणखी मजेदार आहे. प्रथम क्रमांकाआधी 'डी' हे अक्षर असे, कारण वाफेची इंजिनेही तेव्हा सेवेत होती. ऑगस्ट १९६८ मध्ये वाफेचा काळ संपला आणि त्या अक्षराची गरज उरली नाही. पुढे १९७३-७४ च्या सुमारास संगणकाच्या सोयीसाठी पाच आकडी क्रमांक आले. डी ९००१ चे ५५००१ झाले, ९००२ चे ५५००२ झाले. पण तीन शून्यांनी संपणारा ५५००० हा क्रमांक त्या पद्धतीत बसेना, म्हणून सर्वांत पहिले इंजिन डी ९००० हे रांगेच्या शेवटी जाऊन ५५०२२ झाले. एखाद्या मॉडेलवर ५५००० असा क्रमांक दिसला तर ते करणाऱ्याने पुरेसा अभ्यास केलेला नाही, हे क्षणात कळते.

नाकावरची काळी चौकटही नीट पाहावी लागते. तिच्यात गाडीचा चार चिन्हांचा सांकेतिक क्रमांक दिसे. '१एस' ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे स्कॉटलंडकडे जाणारी जलद गाडी. जानेवारी १९७६ पासून हे क्रमांक दाखवणे बंद झाले. मग काही काळ तेथे चार शून्ये दिसत, आणि नंतर चौकट झाकून तिच्यावर दोन पांढरे ठिपके आले. बफरच्या खाली लोंबणाऱ्या नळ्या मोजल्या तरी काळ कळतो, कारण सुरुवातीला या इंजिनांवर केवळ निर्वात ब्रेकची सोय होती आणि हवेचा ब्रेक पुढे बसवला गेला, तेव्हा नळ्या वाढल्या. तू "सहाही एकच" म्हणालास तेव्हा माझे लक्ष नेमके या नळ्यांकडे गेले होते.

त्या रांगेतील डावीकडून पाचवे इंजिन तुला आठवत असेल. हिरवा रंग, पण नाक संपूर्ण पिवळे आणि क्रमांक पाच आकडी. येथे येणारे जाणकारही ते पाहून म्हणतात की रंगवणाऱ्याने दोन काळांची सरमिसळ केली आहे. पण ते ५५००२ आहे, 'किंग्ज ओन यॉर्कशायर लाइट इन्फन्ट्री'. येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासाठी ते राखून ठेवायचे ठरल्यावर १९८० च्या अखेरीस त्याला पुन्हा मूळचे दोन हिरवे रंग देण्यात आले, पण सुरक्षेसाठी पिवळे नाक आणि संगणकाचा क्रमांक तसाच ठेवावा लागला, कारण इंजिन अजून रोज गाड्या ओढत होते. सुमारे वर्षभर ते त्या वेषात धावले. मी त्या सुमारास नुकताच यॉर्कला आलो होतो, भाड्याची एक खोली आणि एक जुना कॅमेरा एवढेच माझे वैभव होते, आणि १९८१ च्या उन्हाळ्यात स्थानकाच्या वक्र छपराखाली मी त्याचे छायाचित्र काढले. तेव्हा सर्व उरलेली डेल्टिक यॉर्कच्या शेडकडेच आली होती. एक यंत्र सुरू होई, निळसर पांढऱ्या धुराचा लोट छपरापर्यंत जाई, आणि मग दुसरे यंत्र त्यात आपला आवाज मिसळी. फलाटाच्या दगडांतून तो पायांना जाणवे. ते छायाचित्र मॉडेलच्या मागे ठेवले आहे. तुला ते दाखवायचे राहून गेले.

एका बाबतीत मात्र माझी सर्व मॉडेले चुकीची आहेत आणि ती चूक मी समजून-उमजून स्वीकारली आहे. ब्रिटनमध्ये रूढ असलेले 'डबल-ओ' हे माप ४ मिलिमीटरला एक फूट, म्हणजे १:७६.२ असे आहे. डेल्टिकची खरी लांबी ६९ फूट ६ इंच, म्हणून मॉडेल २७८ मिलिमीटरचे. माझ्या साऱ्या डेल्टिक पट्टी लावून तेवढ्याच भरतात. रूळ मात्र १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, आणि खऱ्या १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाणात ते १८.८३ हवेत. युरोपातील किंचित लहान 'एच-ओ' मापाचे रूळ वापरले गेले, पण ब्रिटनची इंजिने अंगाने लहान असल्यामुळे त्या काळच्या मोटारी त्यांच्यात मावेनात, म्हणून वरचे शरीर तेवढे मोठ्या मापाचे केले गेले. समोरून पाहिले तर चाके किंचित आत ओढलेली दिसतात. काही साधक १८.८३ चे रूळ स्वतः हाताने घालतात आणि प्रत्येक चाक बदलतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, परंतु मी इंजिने कपाटात बाजूने पाहतो आणि माझा वेळ नळ्या, जाळ्या आणि क्रमांक यांवर खर्च करतो.

मॉडेले किती सुधारली हे तुला एका उदाहरणाने कळेल. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हॉर्नबी-डब्लोने 'सेंट पॅडी' आणि 'क्रेपेलो' या नावांची डेल्टिक काढली होती. ती मुलांनी खेळायची मजबूत वस्तू होती, आणि त्या दृष्टीने उत्तमच होती. आज बाकमन किंवा आयर्लंडची अ‍ॅक्युरास्केल यांच्या डेल्टिकमध्ये टपावरच्या जाळीखालचा पंखा जाळीतून दिसतो, हाताने धरायच्या दांड्या तारेच्या असतात, आणि पोटातल्या छोट्या ध्वनिक्षेपकातून दोन यंत्रे एकामागून एक सुरू होण्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकला की मी पुन्हा त्या फलाटावर असतो.

आता खास तुझ्यासाठी. २२ इंजिने तीन शेडांत वाटलेली होती: एडिनबरोच्या हेमार्केटला आठ, गेट्सहेडला सहा आणि लंडनच्या फिन्सबरी पार्कला आठ. पहिल्या दोन शेडांनी लष्करी पलटणींची नावे दिली, फिन्सबरी पार्कने शर्यतीच्या घोड्यांची. त्या आठ घोड्यांपैकी पिन्झा, क्रेपेलो आणि सेंट पॅडी या तिघांनी १९५३, १९५७ आणि १९६० ची डर्बी जिंकली, आणि तिन्ही घोडे सर व्हिक्टर ससून यांचे होते. ज्यांच्या नावाचे रुग्णालय पुण्यात स्थानकाजवळ उभे आहे, त्या डेव्हिड ससून यांचे हे पणतू. चौथा घोडा टुल्यार, १९५२ च्या डर्बीचा विजेता. त्याचे मालक तिसरे आगाखान, ज्यांनी नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस बांधला. म्हणजे ससूनवरून जाताना आणि आगाखान पॅलेसपाशी सिग्नलला थांबताना तू नकळत चार डेल्टिकच्या नावांजवळून जात असतोस. हे मला प्रथम उमगले त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. त्यांतील टुल्यारनेच २ जानेवारी १९८२ रोजी डेल्टिकची निरोपाची गाडी किंग्ज क्रॉसहून एडिनबरोला नेली, आणि परतीची गाडी ५५०२२ ने आणली. टुल्यार आजही डर्बीशायरमधील बॅरो हिल येथे जतन केलेले आहे. एकूण सहा डेल्टिक वाचली, बाकीची डॉन्कास्टरच्या कारखान्यात तोडली गेली.

तुला संग्रह सुरू करावासा वाटतो असे लिहिले आहेस, म्हणून एक दुःखाचा अनुभवही सांगतो. मालगाड्या ओढणाऱ्या एका लहान इंजिनाचे मॉडेल मी जपून, खोक्यात बंद करून ठेवले होते. बारा वर्षांनी उघडले तर सांगाडा केळ्यासारखा वाकलेला आणि जागोजागी तडकलेला. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा थोडा अंश राहिला की तो धातू आतून कुजत जातो, आणि ओतीव कामाच्या दिवशीच ठरलेले हे दुखणे नंतर कोणालाही थांबवता येत नाही. दमट हवेत ते लवकर वाढते, तेव्हा पुण्याच्या पावसाळ्यात मॉडेले बंद खोक्यात ठेवू नकोस; वर्षातून दोनदा बाहेर काढून सांगाडा सरळ आहे का ते पाहा. कपाट खिडकीसमोर नको, कारण तो निळा रंग उन्हाने फिकटतो.

या पत्राबरोबर एक खोके वेगळे पाठवले आहे. त्यात निळे डेल्टिक आहे, आणि १२ व्होल्टचा नियंत्रकही ठेवला आहे. बाजूंवरचे क्रमांक मी थिनरमध्ये बुडवलेल्या काडीने हलके हलके पुसून काढले आहेत. पाकिटात 'पिन्झा'च्या दोन कोरीव धातूच्या नावपट्ट्या मिळतील. तू १९५३ चा, आणि राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानंतर चारच दिवसांनी, राणीच्याच घोड्याला मागे टाकून पिन्झाने डर्बी जिंकली तेही १९५३ च, म्हणून हेच नाव निवडले. ९००७ आणि ५५००७ असे दोन्ही क्रमांक चिकटवण्यासाठी आहेत. सांकेतिक क्रमांकाची चौकट, चार शून्यांची चौकट आणि पांढऱ्या ठिपक्यांची चौकट अशा तिन्ही आहेत. १९७९ मध्ये फिन्सबरी पार्कने आपल्या इंजिनांच्या खिडक्यांभोवती पुन्हा पांढरा रंग दिला होता, त्यासाठी पांढऱ्या रंगाची एक छोटी बाटलीही ठेवली आहे. पिन्झा १९८१ च्या अखेरपर्यंत धावले. तुझे इंजिन कोणत्या वर्षाचे, ते तू ठरव आणि मला कळव. त्या वर्षाची माझ्याजवळची छायाचित्रे मी शोधून पाठवतो. तोपर्यंत कोणताही क्रमांक चिकटवू नकोस.

वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अरविंद