फीत कापायला निधी, हेलियमला नाही: मंत्रीमहोदयांस खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या एनएमआर यंत्राचं, म्हणजे शक्तिशाली चुंबकाच्या मदतीने रेणूची रचना शोधणाऱ्या यंत्राचं, चुंबक क्वेंच झालं, म्हणजे अचानक अतिसंवाहकता गमावून बंद पडलं. द्रव हेलियम वेळेवर भरलं गेलं नाही, एवढंच कारण. उणे 269 अंशांवर ठेवलेली अतिसंवाहक तार तापली आणि टाकीत उरलेलं हेलियम बघता बघता वाफ होऊन उडून गेलं. उद्घाटनाला आपण आला होतात. ‘निधी कमी पडू देणार नाही’ हे शब्द आपलेच. मग हेलियमची फाईल कुठल्या टेबलावर अडली होती?

यंत्र घ्यायला पैसा निघतो, पेपरात फोटो येतो. पण हेलियमला आणि एएमसीला (वार्षिक देखभाल कराराला) बजेटमध्ये हेडच नसतो. देश जवळपास सगळं हेलियम आयात करतो, हे खरेदीच्या वेळी कुणाला माहीत नव्हतं का?

मी परभणी जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. फेलोशिप थकलेली. निंबोळीतलं एक संयुग कॉलमवर रात्र रात्र जागून वेगळं केलं; कुपीच्या तळाशी आठ मिलिग्रॅमचा पांढुरका थर. हे यंत्र तेव्हाही वरचेवर बंदच, म्हणून ऐन मे महिन्यात कुपी कुरिअरने पुण्याला पाठवली. स्पेक्ट्रम, म्हणजे यंत्रातल्या सिग्नलांचा आलेख, आला तर जिथे एक सिग्नल हवा तिथे दोन-दोन. संयुग वाटेतच उन्हानं फुटलं होतं. शोधनिबंध तपासणारा रिव्ह्यूअर एचएमबीसी मागतो, म्हणजे कुठला हायड्रोजन कुठल्या कार्बनच्या जवळ आहे हे दाखवणारा द्विमितीय स्पेक्ट्रम. या द्विमितीय पद्धती घडवणाऱ्या रिचर्ड अर्न्स्ट यांना 1991 साली नोबेल मिळालं. आम्हाला त्यासाठी आजही दुसऱ्यांच्या दारात उभं राहावं लागतं.

तिकडे 2020 साली फ्लॉरेन्समध्ये 1.2 गिगाहर्ट्झचं, म्हणजे प्रचंड ताकदीच्या चुंबकाचं, एनएमआर यंत्र बसलं. क्रायोप्रोबमुळे (सिग्नल टिपणाऱ्या अतिथंड भागामुळे) संवेदनशीलता तीन-चार पट वाढते, म्हणजे माझ्यासारख्याचे आठ मिलिग्रॅमही भरपूर झाले. प्युअर शिफ्ट पद्धतीत एकमेकांवर चढलेले मल्टिप्लेट (रेषांचे झुपके) सुटून प्रत्येक प्रोटॉनची एकेक रेषा दिसते. मोजकेच बिंदू घेऊन द्विमितीय स्पेक्ट्रम कमी वेळात काढता येतो. टेबलावर मावणारी, हेलियम न लागणारी छोटी यंत्रंही आली आहेत. आणि आपल्याकडे? जुलै 2022 मध्ये संशोधन संस्थांची 5 टक्के जीएसटीची सवलत काढून तो 18 टक्क्यांपर्यंत नेला.

मराठवाडा विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. अनुशेष म्हटलं की सिंचन आणि रस्ते मोजले जातात. प्रयोगशाळांचा अनुशेष कुणी मोजलाय? दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन होतं, घोषणा होतात, आणि आमची पोरं नमुन्यांच्या कुप्या घेऊन पुणे-मुंबई-हैदराबादच्या गाड्या धरतात. शिकलेल्यांनी इथं राहू नये, असंच धोरण असेल तर तसं स्पष्ट सांगा.

हेलियमसाठी दरवर्षीची स्वतंत्र तरतूद करा. उडून जाणारं हेलियम पकडून पुन्हा द्रव करणारी यंत्रणा या विभागात एक तरी उभी करा. जिल्ह्याच्या कॉलेजांना छोटी यंत्रं द्या. आणि आधी चुंबक पुन्हा चालू करायला येणाऱ्या इंजिनिअरचं बिल याच महिन्यात मंजूर करा. ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ हे पत्र आमच्याकडे आधीच आलेलं आहे.

आपला,
एक संशोधक विद्यार्थी, परभणी जिल्हा