टाके वाळले तरी कवटीकडे लक्ष हवे

संपादक महोदय,

डोक्याला मार लागलेला रुग्ण किंवा डोक्यात पाणी झाल्यामुळे शंट, म्हणजे ते जास्तीचे पाणी वाहून नेणारी त्वचेखालची नळी, बसवलेले मूल घरी आले आणि टाके वाळले, की आता धोका टळला असे घरच्यांना वाटते. डिस्चार्ज कार्डावरही बहुधा औषधांच्या वेळा आणि पुढच्या भेटीची तारीख यांपलीकडे फारसे काही नसते. मेंदूभोवतीच्या पाण्यामुळे, म्हणजे मस्तिष्कमेरुद्रवामुळे, कवटीत होणारे काही विकार मात्र त्यानंतर आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसू लागतात. ते विरळ आहेत हे खरे; पण विरळ असल्यामुळेच ते चटकन कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

प्रौढ माणसात हा द्रव एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. हृदयाच्या ठोक्यागणिक त्याला हिसका बसत असल्याने मेंदूच्या आवरणाला पडलेली फट काही वेळा मिटण्याऐवजी रुंदावत जाते. लहान मुलांत याचे सर्वांत फसवे रूप म्हणजे वाढत जाणारे फ्रॅक्चर. जॉन हाउशिप या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१६ मध्ये त्याचे वर्णन केले होते. बहुतेक रुग्ण तीन वर्षांच्या आतले असतात. कवटीला भेग पडताना आतले जाड आवरणही फाटते, त्यातून द्रव आणि कधी मेंदूचा भागही भेगेत शिरतो, हाडाच्या कडा झिजतात आणि भेग सांधत नाही. पडल्याची आठवणही पुसट झालेली असते आणि एक दिवस केस विंचरताना आईच्या बोटांना मऊ फुगवटा लागतो. मूल रडले की तो ताठ होतो आणि शांत झाले की सैलावतो. त्याला जुने टेंगूळ समजून शेकत बसणे किंवा सुईने पाणी काढून घेणे हा उपाय नव्हे. आधी आवरण शिवून मगच हाड झाकावे लागते, आणि उशीर झाला तर फेफरे व एका बाजूचा अशक्तपणा मागे लागू शकतो.

मोठ्यांत अशीच गफलत सर्दीच्या नावाखाली होते. अपघातानंतर एकाच नाकपुडीतून पातळ, पाण्यासारखा स्राव येत असेल, वाकल्यावर तो वाढत असेल आणि घशात खारट चव येत असेल, तर कवटीच्या तळाला भेग असण्याची शंका घ्यायलाच हवी. त्या पाण्याची बीटा-२ ट्रान्सफेरिन ही तपासणी करून खात्री करता येते. अशी बरीच गळती विश्रांतीने आपोआप थांबते. मात्र ती चालू असेपर्यंत जंतूंना मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मोकळी असते. म्हणून जोराने नाक शिंकरू नये आणि अशा रुग्णाच्या नाकातून नळी घालू नये.

शंटच्या बाबतीत सगळ्यांचे लक्ष नळी तुंबण्याकडे असते, आणि ते योग्यच आहे. नळीच्या वाटेवर त्वचेखाली पाणी साचू लागले, तर ती तुंबल्याची शंका आधी घ्यावी. पण पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून गेले तरी कवटीवर परिणाम होतो. मेंदू आकसून कवटीपासून सुटतो आणि मधल्या जागेत रक्त साचू शकते. तान्ह्या बाळाची टाळू खोल जाते, हाडांचे सांधे वेळेआधी जुळतात, कवटी आतून जाड होत जाते. पुढे मूल वाढते, पण मेंदूला जागा अपुरी पडते आणि डोकेदुखी सुरू होते. फारच क्वचित हा द्रव थेट कवटीच्या हाडाच्या दोन थरांमध्ये साचल्याचेही आढळले आहे.

या सगळ्याने पालकांना घाबरवावे असे मला मुळीच वाटत नाही. माझी मागणी साधी आहे. डोक्याच्या दुखापतीनंतर आणि शंटच्या शस्त्रक्रियेनंतर द्यायच्या डिस्चार्ज कार्डावर नवा फुगवटा, नाका-कानातून येणारे पाणी, खोल गेलेली टाळू, तसेच ताप, उलट्या आणि वाढती गुंगी ही लक्षणे घरच्यांना कळेल अशा भाषेत ठळक छापावीत आणि ती दिसताच कुठे यायचे तेही लिहावे. कवटीला भेग पडलेल्या तीन वर्षांखालील मुलाचे डोके दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा हाताने चाचपून पाहावे. त्याला काही मिनिटे पुरतात आणि कोणतेही यंत्र लागत नाही.

आपला नम्र,
एक वाचक