मनू, दादा रविवारी घरी येतोय

मनू बाळा,

परवा तू फोनवर विचारलंस, "आई, आता तरी तो बरा झालाय का?" आणि मी हो हो करून फोन ठेवला. बाबा बाजूलाच होते, आणि खरं सांगू, मला उत्तरच नव्हतं. म्हणून हे एवढं मोठं टाईप करतेय.

दारू सोडवायच्या व्यसनमुक्ती केंद्रात दादाला रविवारी पस्तीस दिवस होतील. पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले म्हणे, हात एवढे थरथरायचे की चहाचा कप धरता येईना, रात्री भिंतीवर मुंग्या दिसायच्या. डॉक्टर म्हणाले रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली की असं होतं, कुणाला फिट येते, जिवावरही बेततं, म्हणून औषधं देऊन नजरेखाली सोडवायची. आणि आपण गणपतीत काय केलं? त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी. नशीब आपलं.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. मे महिन्यात तो रात्री बिर्याणी खाऊन आला, लालबुंद झाला, छाती धडधडतेय म्हणत ओकत राहिला, ते बिर्याणीचं नव्हतं गं. मी दुपारी आमटीत गोळी कुटून घातली होती. एका ओळखीच्या बाईंनी आणून दिलेली, न सांगता घाला, आपोआप सुटेल म्हणाल्या. डायसल्फिराम. ती पोटात असताना प्यायलं तर बीपी कोसळतं, माणूस जाऊही शकतो. गोळी वाईट नाही, पण पिणाऱ्याला माहीत असताना, त्याच्या मर्जीने आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायची असते. समुपदेशक मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, नुसता पाण्याचा ग्लास पुढे केला. दादालाही सांगितलं. काहीच बोलला नाही, नखं खात बसला.

दर गुरुवारी घरच्यांची मीटिंग असते. एक बाई म्हणाल्या मी पैसे तांदळाच्या डब्यात लपवते, मला हसूच आलं, माझे हिंगाच्या डबीत. पण तिथे बसून कळलं की त्याच्या ऑफिसला "ताप आहे" म्हणून फोन मी करायचे, बारवाल्याची उधारी मी फेडायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी प्यायला त्याला मोकळं मीच करत होते.

मॅडम म्हणतात हा शुगर-बीपीसारखा आजार आहे, जात नाही, रोज सांभाळायचा. माझे वडील १९८४ ला गेले तेव्हा आम्ही सगळ्यांना कावीळ सांगितलं. कावीळ होतीच, कशाने झाली ते नाही सांगितलं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं १९८६ ला, पुलं-सुनीताबाईंच्या देणगीतून. दोनच वर्षं. पण आधी असतं तरी आमच्या घरातलं कोण त्यांना घेऊन गेलं असतं, लाजच एवढी होती.

तर बरा झालाय का, याचं उत्तर, आज पीत नाहीये. रोज संध्याकाळी एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जाणार आहे, फी नाही, आडनाव विचारत नाहीत, फक्त आजचा दिवस म्हणतात. घसरूही शकतो. घसरला तर तमाशा न करता लगेच केंद्राला फोन करायचा, एवढं बाबांनी आणि मी ठरवलंय. आणि लग्नाबिग्नात "एका पेगने काय होतंय" म्हणणाऱ्या तुझ्या काकांना मी बघून घेईन.

त्याने तुझी चेन विकली ते विसर असं मी म्हणणार नाही. माफ कर असंही नाही. त्याने पैसे मागितले तर देऊ नकोस, पण नाही म्हणून झाल्यावर जेवलास का एवढं विचार.

दिवाळीला यायचं का ते तुझं तू ठरव. आलीस तर त्याच्या खोलीची बाहेरची कडी मी सुताराकडून काढून घेतलीय. दाराला स्क्रूची भोकं राहिलीत, लांबी भरायची आहे अजून.

आई