लायसन मिळालं, पण ब्रेक कुणी शिकवायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. वय ४३. माझ्याकडच्या वाड्या डोंगरावर, एसटी दिवसातून दोनदा. लसीकरणाच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरिअर मांडीवर घेऊन कुणाच्या तरी गाडीवर मागं बसायचं, असं बरीच वर्षं चाललं. यजमान माथाडी कामगार, वाशीला असतात. त्यांची स्प्लेंडर घरी उभीच असायची. गेल्या वर्षी ठरवलं, ती आपण शिकायची, आणि लायसन काढूनच चालवायची.

चाळिशी ओलांडल्यामुळं डॉक्टरांचा दाखला जोडावा लागला. लर्निंगची परीक्षा संगणकावर झाली. १५ प्रश्न, त्यातले ९ बरोबर यावे लागतात. अभ्यास केला होता, पास झाले. मग शिकण्यासाठी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. तिथं सांगितलं, "आम्ही चारचाकीच शिकवतो. टू-व्हीलर काय शिकवायची, ती येतेच." शेवटी दिराच्या मुलानं शिकवली. क्लच सोडणं, गिअर टाकणं त्यानं मनापासून शिकवलं. एक गोष्ट मात्र रोज बजावायचा, "काकी, पुढच्या ब्रेकला हात लावू नका, गाडी पलटी खाते."

महिन्यानं आरटीओच्या कॅम्पला चाचणी झाली. आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही. साहेब नीट बोलले, कुणी पैसे मागितले नाहीत. पण त्या दोन मिनिटांत गाडी दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा गेली नव्हती. लायसन घरी आलं, १० वर्षांचं.

तिसऱ्या आठवड्यात पडले. उतारावरचं वळण, पावसानं रस्त्यावर आलेली बारीक खडी, आणि समोर म्हैस. पुतण्यानं सांगितलं होतं तेच केलं, मागचा ब्रेक पूर्ण दाबला. चाक जाम झालं आणि गाडी आडवी होऊन घसरत गेली. हेल्मेट होतं म्हणून कोपर सोलण्यावर भागलं. उठले ती आधी कॅरिअरचं झाकण बघायला धावले. आत बाळांच्या लसी होत्या.

आमच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत. सैन्यात ते डिस्पॅच रायडर होते, मोटारसायकलवरून टपाल न्यायचे. पट्टी बघून त्यांनी विचारलं, "बाई, पडलात कशा?" सगळं ऐकून म्हणाले, "रविवारी शाळेच्या पटांगणात या."

त्यांनी फक्कीनं रेघ मारली. वीसच्या वेगानं यायचं आणि रेघेपासून ब्रेक लावायचा. नुसता मागचा लावला तर गाडी फरपटत बरीच पुढं जायची. मग दोन्ही ब्रेक एकदम लावायला शिकवले. पुढचा कसा दाबायचा ते मला त्यांच्याआधी माझ्याच हातानं सांगितलं. बीपीच्या यंत्राचा फुगा दाबतो तसा, दाब हळूहळू वाढवत. गाडी निम्म्या अंतरात उभी राहिली. ब्रेक लागला की वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून खरी पकड पुढच्या चाकाची. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. खडीवर पुढचा ब्रेक अगदी जपून. आणि नजर म्हशीवर नाही, तिच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर ठेवायची, कारण बघाल तिकडं गाडी जाते. चार रविवार लागले. त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यातली जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाहीतर दोन्ही चाकांचा जोडब्रेक सक्तीचा झाला, ते चांगलंच झालं. पण वाड्यावस्त्यांवर फिरतात त्या जुन्याच गाड्या. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तुरुंगसुद्धा आहे, तोही हवाच. मात्र अठरा पूर्ण करून, रीतसर लर्निंग काढून आलेल्या मुलानं शिकायला जायचं कुठं?

परिवहन विभागाला माझी विनंती आहे. लर्निंग आणि पक्क्या लायसनमध्ये कायद्यानं ३० दिवस असतातच. त्यात दोन रविवार ब्रेक आणि वळणाचं प्रशिक्षण सक्तीचं करा, आणि चाचणीत आठच्या आकड्याबरोबर रेघेवर थांबूनही दाखवायला लावा. सातारा जिल्ह्यात निवृत्त जवानांची कमतरता नाही. त्यांच्यातल्या जाणकारांना प्रशिक्षक म्हणून मान्यता आणि मानधन द्या. शाळांची पटांगणं रविवारी मोकळीच असतात.

सुभेदारांचं वय आता सत्तरीपुढं आहे. येत्या रविवारी माझ्याबरोबर तीन आशाताई येणार आहेत. दोघींचं लर्निंग आलंय, तिसरीचा अर्ज आज भरला.

— एक आरोग्यसेविका, ता. पाटण, जि. सातारा