व्हॅल-किलच्या सुतारशाळेविषयी मित्रास पत्र

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

गावातल्या तरुणांसाठी सुतारशाळा काढण्याचा तुझा मनोदय कळल्यापासून न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथला व्हॅल-किलचा कारखाना सारखा माझ्या मनात येतो आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी नॅन्सी कुक, मॅरियन डिकरमन आणि कॅरोलाइन ओडे या मैत्रिणींसह तो १९२७ च्या सुमारास उभा केला. शेतीवर भागत नाही म्हणून शहराची वाट धरणाऱ्या मुलांना घराजवळच जोडधंदा मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. आणि त्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या वसाहतकाळातील फर्निचरची जुनी घडण निवडली.

कारखाना सांभाळणाऱ्या कुक यांचा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो. संग्रहालयांतील जुन्या वस्तू पाहून नमुने ठरत, लाकूड कापण्याचे ढोबळ काम यंत्रावर होई, परंतु अक्रोड, मॅपल किंवा चेरीच्या लाकडावर अखेरचा हात फिरे तो कारागिराचाच. कारखान्याच्या ठशासोबत कित्येकदा त्या कारागिराचे नावही वस्तूवर उमटवलेले असे. मजुराला कारागीर म्हणून मान देण्याची याहून सरळ रीत मला ठाऊक नाही, आणि तुझ्या शाळेत ती पहिल्या दिवसापासून असावी असे मला मनापासून वाटते.

तरीही मूळ हेतू पुरता साधला नाही. उत्तम काम करणारे फ्रँक लँडोल्फा आणि ऑटो बर्ग हे परदेशांतून आलेले, आधीच हात बसलेले कारागीर होते. ज्यांच्यासाठी हे सारे मांडले, ती शेतकऱ्यांची मुले तिथे थोडीच टिकली. हातकामामुळे किमती चढ्या राहत, त्यात महामंदी आली, आणि एलिनॉरबाई स्वतःच्या कमाईतून तूट भरत असतानाही १९३६ मध्ये कारखाना बंद करावा लागला. पुढे त्याच इमारतीत त्यांनी आपले घर केले. मी या प्रयत्नाला फसलेला म्हणणार नाही, कारण वेस्ट व्हर्जिनियातील आर्थरडेल येथे बेकार खाण-कामगारांच्या वसाहतीत फर्निचरचे काम सुरू झाले, तेव्हा त्यामागे हाच विचार होता.

म्हणून तुला आग्रहाने सांगतो, यंत्रे घेण्याआधी शिकवणारा जाणता सुतार शोध, आणि शिकाऊ मुलांच्या निदान पहिल्या दोन वर्षांच्या वेतनाची तजवीज विक्रीवर न सोडता आधीच करून ठेव. तुझ्या खर्चाचा आराखडा पाठव. त्यावर सविस्तर लिहीन.

तुझा,
माधव